ॲसिड लोखंडात टिकते, मग स्टीलचा डबा का गळला?

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी पत्नीला रिक्षातून घेऊन आले. वहिनींचा उजवा पाय टॉवेलात गुंडाळला होता. टॉवेल सोडला तर आत हळदीचा जाड लेप आणि लेपाखाली पांढुरकी पडलेली, काही ठिकाणी सोललेली कातडी. वहिनी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

घडले ते असे. गणपतीच्या आधी साफसफाईसाठी त्यांनी बाजारातून संडास-मोरी धुण्याचे ॲसिड आणले होते. काम झाल्यावर अर्धी बाटली उरली. बाटलीचे झाकण चिरलेले, म्हणून वहिनींनी उरलेले ॲसिड जुन्या स्टीलच्या डब्यात ओतले, वर झाकण दाबले आणि डबा मोरीच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. स्टील गंजत नाही, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीन-चार आठवडे डबा तिथेच होता. त्या दिवशी नवरात्राच्या साफसफाईसाठी त्यांनी तो खाली काढला आणि तळच सुटला. ॲसिड सरळ पायावर आले. साडीची ओली किनार पायाला चिकटून राहिली. शेजारणीने धावत येऊन हळद लावली. पाण्याची बादली दोन हातांवर होती, पण पाणी लावले तर फोड येतील या भीतीने कोणी लावले नाही. यात पाऊण तास गेला.

आम्ही आधी पाय नळाखाली धरला, भरपूर वेळ धुतला, मग पुढचे उपचार केले. जखम भरायला दीड महिना लागला. दरवेळी ड्रेसिंगला आले की गुरुजी एकच प्रश्न विचारीत. "डॉक्टर, आपल्या महामार्गावरून लोट्याला, महाडला ॲसिडचे टँकर जातात. ते तर साध्या लोखंडाचे असतात. हजारो लिटर ॲसिड पोटात घेऊन ते गळत नाहीत आणि आमचा चांगला स्टीलचा डबा महिन्याभरात कसा गळला?"

प्रश्न बिनतोड होता. मला पटकन उत्तर देता आले नाही. कारखान्यात काम केलेल्या एका केमिकल इंजिनिअर मित्राला गाठले, थोडे वाचन केले. जे समजले ते आजच्या सदरात मांडतो आहे. विषय धातूंचा असला तरी त्याचा आपल्या हातापायांशी, स्वयंपाकघराशी आणि पोटाशी जवळचा संबंध आहे.

धातूलाही कातडी असते

पहिली गोष्ट ही की ॲसिडसमोर जो धातू टिकतो, तो बहुधा स्वतःच्या ताकदीवर टिकत नाही. तो टिकतो अंगावरच्या एका पातळ थरामुळे. ॲसिड धातूला लागले की सुरुवातीला थोडी झीज होतेच. त्या झिजेतून एखादा असा पदार्थ तयार झाला, की जो ॲसिडात विरघळत नाही आणि धातूला घट्ट चिकटून राहतो, तर पुढच्या ॲसिडाला आत शिरायला वाट उरत नाही. आपल्या शरीराला जशी कातडी, तसा धातूला हा थर. कातडी शाबूत तोवर आतले मांस सुरक्षित.

म्हणून "ॲसिडला कोणता धातू चालतो?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते ॲसिड, त्यात पाणी किती आणि कोणता धातू, या तिन्ही गोष्टी एकत्र विचाराव्या लागतात. शाळेच्या पुस्तकात 'संहत' आणि 'विरल' असे शब्द आहेत. आपण सोयीसाठी दाट आणि पातळ म्हणू.

दाट गंधकाम्ल आणि लोखंडी टँकर

महामार्गावरच्या पुष्कळ टँकरमध्ये असते ते सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे गंधकाम्ल. कारखान्याला जाणाऱ्या मालात ते साधारण ९८ टक्के असते, पाणी नावापुरते. हे ॲसिड साध्या पोलादाच्या टाकीत भरले की पोलादाच्या आतल्या बाजूवर लोहाच्या सल्फेटचा थर बसतो. दाट ॲसिडात तो फारसा विरघळत नाही. तो भिंतीला धरून राहतो आणि झीज अगदी मंद होते.

आता त्याच ॲसिडात पाणी मिसळले तर? सल्फेटचा थर पाण्यात विरघळतो, कातडी गळून पडते, उघडे लोखंड झपाट्याने खाल्ले जाते आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. म्हणजे इथे नेहमीची समजूत उलटी होते. दाट ॲसिड लोखंडात राहते, पातळ ॲसिड लोखंड खाते.

दाट गंधकाम्ल हवेतला ओलावाही ओढून घेते. आपल्या कोकणातला पावसाळा तर ठाऊकच आहे. टाकीचे तोंड उघडे राहिले की वरच्या थरातले ॲसिड पातळ होते आणि त्या पातळीवर टाकी खरवडली जाते. नळाच्या वळणावर ॲसिड जोराने वाहिले तरी थर धुऊन निघतो. ऊन वाढले, टाकी तापली, तरी झीज वाढते. म्हणून जाणते कारखानदार टाकीच्या पत्र्याची जाडी ठरावीक काळाने मोजून घेतात. ती मोजण्याचे यंत्र आमच्या सोनोग्राफीसारखेच ध्वनिलहरींवर चालते, हे ऐकून मला गंमत वाटली.

यातच एक जीवघेणा धोका आहे. ॲसिडचे रिकामे पिंप भंगारात येते. कोणी ते पाण्याने जेमतेम विसळतो. तळाशी उरलेले दाट ॲसिड पातळ होते, लोखंडाशी भिडते आणि पिंपात हायड्रोजन साचतो. मग ते पिंप कापण्यासाठी गॅस किंवा वेल्डिंगची ठिणगी लावली की स्फोट होतो. भरलेल्या पिंपाला माणूस घाबरतो, रिकाम्याला घाबरत नाही. भंगाराचा किंवा वेल्डिंगचा धंदा करणाऱ्या वाचकांनी एवढे एक वाक्य दुकानात लिहून लावावे: ॲसिडच्या रिकाम्या पिंपाला आच लावायची नाही.

नायट्रिकची तऱ्हा

सोनारांकडे असते ते नायट्रिक ॲसिड, म्हणजे नत्राम्ल. त्याची तऱ्हा आणखी वेगळी. अतिशय दाट नायट्रिक ॲसिडात लोखंडाचा तुकडा टाकला तर काहीच होत नाही. तोच तुकडा अलगद उचलून पातळ ॲसिडात ठेवला तरी काही वेळ तसाच राहतो. पण त्याला एक ओरखडा काढा, लगेच उकळी फुटते आणि तपकिरी धूर निघू लागतो. जेम्स कीर या संशोधकाने १७९० साली हा चमत्कार नोंदवला होता. १८३६ साली शोनबाइन आणि मायकेल फॅरडे यांच्यात यावर पत्रव्यवहार झाला. ॲसिडाने लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवल्यामुळे ते निष्क्रिय होते, असा फॅरडे यांचा तर्क होता. तो पुढे बरोबर ठरला.

याच गुणामुळे फार दाट नायट्रिक ॲसिड ॲल्युमिनियमच्या टाक्यांतून नेतात आणि नेहमीच्या वापरातले थोडे पातळ नायट्रिक स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांतून. सोन्याला नुसते नायट्रिक काही करू शकत नाही. पण त्यात तिप्पट हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळले की जे अम्लराज तयार होते, त्यात सोनेही विरघळते.

सोनारबंधूंसाठी इथेच एक सूचना. नायट्रिकचा तपकिरी धूर छातीत गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो, मग बरेही वाटते. माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. म्हणून असा धूर छातीत गेल्यावर "आता बरे वाटतेय" म्हणून घरी बसू नये. इस्पितळात जाऊन निदान एक दिवस देखरेखीखाली राहावे.

मग आमचा डबा का गळला?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. स्टेनलेस स्टील म्हणजे क्रोमियम मिसळलेले पोलाद. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रियर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद ओतले. आपल्या चांगल्या भांड्यांत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. ओरखडा निघाला तर हवा लागून तो पुन्हा भरून येतो. स्टील गंजत नाही याचे कारण एवढेच.

पण संडास धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, मिठापासूनचे ॲसिड. त्यातला क्लोराइडचा अंश हा या थराचा वैरी. तो थरातली कच्ची जागा शोधतो, तिथे भोक पाडतो आणि थर पुन्हा धरू देत नाही. शिवाय लोखंड आणि क्लोराइड मिळून जे तयार होते ते पाण्यात सहज विरघळते. म्हणजे जखमेवर खपलीच धरत नाही. डब्याच्या तळाचा सांधा, जिथे पत्रा दुमडलेला आणि ताणलेला असतो, तो आधी जातो. बाहेरून डबा चकचकीत दिसतो, आतून तळ कागदासारखा झालेला असतो.

कारखान्यांत हे ॲसिड साठवायला उघडा लोखंडी किंवा स्टीलचा टँकर चालत नाही. आतून रबराचे अस्तर लावतात, किंवा टाकी फायबरची वा प्लॅस्टिकची घेतात. तुमच्या घरात ॲसिडची बाटली प्लॅस्टिकची असते ती काही स्वस्तात पडते म्हणून नव्हे. धातूची बाटली हा तिला चांगला पर्याय नाही.

टँकरवरही हे ओळखता येते. मागे आणि बाजूला एक फलक असतो. त्यावर चौकोन उभा करून काढलेले चित्र असते: नळीतून थेंब पडताहेत आणि खाली हात आणि धातू खाल्ला जातो आहे. शेजारी चार आकडी क्रमांक असतो. १८३० म्हणजे सल्फ्युरिक, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक, २०३१ म्हणजे नायट्रिक. टँकर उलटला तर बघायला जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला दूर थांबा, ११२ क्रमांकावर कळवा आणि दुरून वाचता आला तर हा क्रमांक सांगा. मदतीला येणाऱ्यांचा त्यामुळे बराच वेळ वाचतो.

शिशाने दिलेला धडा

थर टिकला की धातू वाचतो आणि थर विरघळला की माणूसही धोक्यात येतो, याचे शिसे हे बोलके उदाहरण. जॉन रोबक यांनी १७४६ साली बर्मिंगहॅममध्ये गंधकाम्ल बनवायला शिशाचे पत्रे लावलेल्या खोल्या वापरल्या. गंधकाम्लाने शिशावर जो सल्फेटचा थर बसतो तो विरघळत नाही. आपल्या मोटारीच्या बॅटरीतही पातळ गंधकाम्ल आणि शिसे वर्षानुवर्षे एकत्र नांदतात.

पण त्याच काळात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लोक पोटशुळाने तळमळत होते, काहींचे हातपाय लुळे पडत होते. १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी कारण दाखवून दिले. तिथले लोक सफरचंदाची आंबवलेली दारू पीत आणि रस काढण्याच्या चरकाला शिसे लावलेले असे. सफरचंदाची आंबटाई ती किती! पण तिने जे शिशाचे क्षार तयार होतात ते पाण्यात विरघळतात. ते रसात उतरले आणि रसातून पोटात गेले. कडक गंधकाम्लाला न जुमानणारे शिसे साध्या फळाच्या रसापुढे हरले.

स्वयंपाकघरातले तेच शास्त्र

आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र शिकले नव्हते, पण त्यांना हे ठाऊक होते. ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते, म्हणून ते कल्हईच्या नाहीतर मातीच्या भांड्यात. कळकते म्हणजे आंबटाने तांबे आणि जस्त विरघळून अन्नात उतरते. असे ताक किंवा आमटी पोटात गेली की मळमळ, उलट्या, पोटात कळा. कल्हई म्हणजे कथलाचा थर. स्वयंपाकातल्या आंबटाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. कल्हई मात्र शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात पडते म्हणून त्यात शिसे मिसळले असेल तर डेव्हनचीच गोष्ट आपल्या घरात घडेल.

यातून आपल्या पुण्याने एक मोठे काम केले आहे. तान्ह्या मुलांना होणारा यकृताचा एक असाध्य आजार आपल्याकडे पूर्वी बराच दिसे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. टॅनर यांनी १९८३ साली लॅन्सेट या साप्ताहिकात दाखवून दिले की कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून तांबे बाळाच्या यकृतात साचत असावे. भांडी बदलली, तसा तो आजारही दुर्मिळ झाला. आज पुन्हा तांब्या-पितळेची हौस आली आहे. हौस जरूर करा, पण बाळाचे दूध आणि आंबट पदार्थ त्यात नकोत.

लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच का? कारण त्यात आंबट आहे आणि मीठही आहे. मिठात तेच क्लोराइड, ज्याने वहिनींचा डबा खाल्ला. लोणचे स्टीलच्या डब्यात चार दिवस राहिले तर काही बिघडत नाही. वर्षभर ठेवले तर डब्याला बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंचेचे सार किंवा टोमॅटो शिजवून तसेच ठेवू नये.

आपल्या पोटातले हायड्रोक्लोरिक

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. ज्या ॲसिडाने स्टीलचा तळ खाल्ला, तेच ॲसिड, पुष्कळ पातळ रूपात, तुमच्या आमच्या जठरात आहे. विल्यम प्राउट यांनी १८२४ साली हे सिद्ध केले. जठरात दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाचक रस पाझरतो. मग जठर स्वतःच का पचत नाही? उत्तर तेच: थर. जठराच्या आतून चिकट श्लेष्म्याचे अस्तर असते, त्यात ॲसिड मारणारा क्षार असतो, आणि खालच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. झीज होते आणि भरूनही येते.

भरून येण्याचे हे काम थांबले की अल्सर होतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या हा थर दुबळा करतात. हेलिकोबॅक्टर नावाचे जंतूही तेच करतात. कंबर दुखली की दुकानातून गोळी आणून महिनोन्महिने घेणाऱ्यांनी फळीवरचा तो डबा आठवावा. बाहेरून चकचकीत, आतून तळ गेलेला. काळी डांबरासारखी शौचास झाली तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावे.

ॲसिड अंगावर सांडले तर

वहिनींच्या घरी बादली जवळ असून पाणी वापरले गेले नाही, याची मला अजून रुखरुख आहे. म्हणून पुढचे नीट वाचा आणि घरातल्यांना सांगा.

१. ताबडतोब वाहते पाणी. निदान २० मिनिटे, घड्याळ लावून. मगाने दोन तांबे ओतून भागत नाही.
२. धुता धुताच ॲसिडाने भिजलेले कपडे, चपला, बांगड्या काढा. लाज धरू नका.
३. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, चुना, खायचा सोडा यांपैकी काहीही लावू नका. चुना किंवा सोडा लावून ॲसिड मारायला गेलात तर उष्णता निर्माण होऊन भाजणे वाढू शकते.
४. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून पाण्याची धार सोडा. दुसरा डोळा वर राहू द्या. मग थेट इस्पितळ.
५. पोटात गेले तर उलटी करवू नका. येताना जाळले तेच परत जाताना पुन्हा जाळते. चूळ भरा आणि १०८ ला फोन करा.
६. मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो.

काही जण विचारतात, दाट गंधकाम्लात पाणी ओतू नये म्हणतात, मग अंगावर पाणी कसे चालेल? भांड्यातल्या ॲसिडात थोडे पाणी पडले की ते उसळते, म्हणून कारखान्यात नेहमी पाण्यात ॲसिड सोडतात. अंगावर मात्र ॲसिड थोडे आणि पाणी मुबलक असते. धार ॲसिडही नेते आणि उष्णताही नेते. ओल्या फडक्याने पुसत बसू नका, धारच हवी.

ॲसिड विकत आणले तर मूळ बाटलीतच ठेवा, कुलपात ठेवा, मुलांच्या हाताच्या वर नव्हे तर हातापलीकडे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली विक्रीवर निर्बंध घातले: ओळखपत्र पाहून, नाव, पत्ता आणि कारण नोंदवूनच ॲसिड विकायचे, १८ वर्षांखालच्यांना द्यायचे नाही. दुकानदाराने नोंद मागितली तर वाद घालू नका. न मागता देणारा दुकानदारच चुकतो आहे. आणि खरे सांगायचे तर रोजची मोरी साबण, ब्रश आणि चार हात मारून स्वच्छ होते.

शेवटच्या ड्रेसिंगला आलेल्या गुरुजींना हे सारे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, डब्याचा दोष नव्हता. आम्हीच चुकीचा पाहुणा चुकीच्या घरात उतरवला." वहिनी मात्र पायाकडे बघत म्हणाल्या, "ते राहू द्या. आता मोरीत भरलेली बादली कायम असते."

मला वाटते, सगळ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे.